हवेतली पानं

माझं माशांचं दुकान आहे. खायच्या माशांचं नव्हे, बघायच्या. हे मला गेली एकतीस वर्षं सांगावं लागतंय, कारण पाटीवर नुसतं ‘मासे’ एवढंच लिहिलंय आणि आठवड्यातून एखादा तरी माणूस पिशवी घेऊन उभा राहतोच. दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा, मधे मी. आत दोन्ही भिंतींना काचेच्या टाक्या, हवेच्या पंपांची घरघर आणि इतका दमटपणा की सकाळी आणलेलं वर्तमानपत्र दुपारपर्यंत फडक्यासारखं मऊ पडतं.

बायको जाऊन आठ वर्षं झाली. त्यानंतर दोन वर्षं घरात मी आणि मुलगा असे दोघंच होतो. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. कुठल्या तरी इमारतीत कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे अडकतं आणि हा ताटावरून उठतो. मग त्याचं लग्न झालं आणि सून घरात आली.

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. लग्नानंतर वर्षभरात मालकाने ती लॅब गुंडाळली आणि ती घरी बसली. मुलगा दिवसभर बाहेर. घरात आम्ही दोघंच, तेही ती स्वयंपाकघरात आणि मी बाहेरच्या खोलीत. ‘चहा ठेवू का?’ आणि ‘ठेव’ एवढ्यावर दिवस निघायचे. आमच्यात भांडण मुळीच नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. मला वाटायचं, ही शिकलेली मुलगी, हिच्याशी मी काय बोलणार, माशांच्या पोटदुखीवर? आणि तिला काय वाटायचं ते मी कधी विचारलं नाही.

दुपारी ती माझा डबा घेऊन दुकानात यायची. ठेवायची आणि जायची. एक दिवस ती दारातल्या बादलीपाशी थबकली. माशांच्या खोक्याबरोबर व्यापाऱ्याने नमुना म्हणून काही रोपं पाठवली होती. मी ती बादलीत टाकली आणि विसरलो. तोवर मी दुकानात झुपकेवाली एक वेल आणि बाकी प्लॅस्टिकची झाडं, एवढंच ठेवायचो. बादलीत आता काळा चिकट लगदा झाला होता.

“बाबा, हे टाकणार आहात?”

“टाकायचंच राहून गेलंय.”

ती खाली बसली, दोन बोटांनी त्या लगद्यातून एकेक काडी काढून नळाखाली धरू लागली. पान एकालाही नव्हतं. शेवटी अंगठ्याएवढे तीन बुंधे तिने निवडले आणि मुळं माझ्यासमोर धरली.

“टोक पांढरं आहे बघा. जिवंत आहेत. मी नेऊ?”

“ने की. डबा मात्र नीट धुऊन घे,” मी म्हणालो, कारण ते बुंधे ती माझ्याच कालच्या रिकाम्या डब्यात ठेवत होती. ती हसली. त्या महिन्यातलं आमचं ते सगळ्यात मोठं बोलणं असावं.

घरी आल्यावर बघतो तर तिने केकचा एक पारदर्शक डबा घेतला होता, तळाला ओली माती, तीत ते तीन बुंधे आणि वरून झाकण.

“अगं, ही पाण्यातली रोपं आहेत,” मी म्हणालो. “पाणी कुठाय?”

“पाण्यातली नाहीत बाबा, काठावरची आहेत.” मग तिने मला समजावलं. ही रोपं मुळात ओढ्याच्या कडेला वाढतात. पाणी चढलं की बुडतात, उतरलं की उघड्यावर येतात. दोन्हीकडे जगतात, फक्त पानं बदलतात. हवेतलं पान जाडसर आणि ताठ असतं, पाण्यातलं पातळ. हवेत ती भरभर वाढतात, शेवाळ चढत नाही, गोगलगायी लागत नाहीत. फक्त आतली हवा ओलसर हवी, नाहीतर पान कागदासारखं वाळतं. म्हणून झाकण. हे सगळं तिने कुठेतरी वाचलं होतं, फोनवर बघितलं होतं. मी तेव्हा पंचवीस वर्षं या धंद्यात होतो, आणि मला हे माहीत नव्हतं. मी ‘असं का’ म्हणालो आणि हात धुवायला गेलो.

तीन आठवड्यांनी त्या बुंध्यांना पानं आली.

मग मी एक गोष्ट केली, ती मात्र चांगली केली. दुकानाच्या माळ्यावर माझ्याकडे फुटक्या टाक्यांची रास होती. कुणाची कड गळते, कुणाच्या तळाला तडा गेलाय. पाणी धरत नाहीत म्हणून विकता येत नाहीत आणि जीव होत नाही म्हणून टाकवत नाहीत. माझी बायको त्यांना ‘तुमचं म्हातारपण’ म्हणायची. मी त्यातल्या सहा उतरवल्या, पुसल्या आणि घरी नेल्या. पाणी धरत नसल्या तरी ओल धरायला त्यांना कुणाची ना नव्हती. वर काच टाकली की झालं.

मागच्या बंद गॅलरीत बायकोचं शिलाई मशीन होतं. ते सरकवून आम्ही मांडणी ठोकली. म्हणजे ठोकली मी, आणि सरळ आहे की तिरकी ते ती सांगत होती. सहाच्या अकरा टाक्या झाल्या. रोज सकाळी ती प्रत्येक काच पाच मिनिटं बाजूला करायची, आत फवारा मारायची, एखाद्या पानावर पांढरी बुरशी दिसली तर लांब चिमट्याने ते पान उचलायची आणि काच पुन्हा ठेवायची. प्रत्येक टाकीवर लॅबमध्ये बाटल्यांना लावतात तशी चिठ्ठी. कुठलं रोप, कधी लावलं, कुठून आलं. अक्षर असं की छापल्यासारखं. काचांना आतून थेंब धरायचे आणि गॅलरीत ओल्या मातीचा वास भरून राहायचा. मी चहाचा कप घेऊन तिथे जाऊन उभा राहायला लागलो. मग एक स्टूल आलं. मग दुसरं.

एकदा सकाळी मी दाढी करत होतो. तिने हाक मारली, “बाबा, जरा इकडे या.” तोंडाला फेस तसाच घेऊन मी गेलो. एका रोपाच्या बुडाशी, मातीला लागून, करंगळीएवढं फूल आलं होतं. आतून जांभळं, पिळलेलं, वाऱ्याने छत्री उलटावी तसं. हे फूल पाण्याखाली सहसा येतच नाही, ती म्हणाली, रोप उघड्यावर असेल तरच येतं. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत होतो. माझ्या दाढीचा फेस वाळून गेला, तिने गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं.

“माळीणबाई, दूध,” मी म्हणालो. तेव्हापासून मी तिला तेच म्हणायला लागलो. मुलगा हसायचा. म्हणायचा, मला या घरात आता कुणी विचारत नाही. ते वर्ष दीड वर्ष फार चांगलं गेलं. दुकानात मी तिच्या रोपांसाठी एक आख्खी मांडणी रिकामी केली. गिऱ्हाईक यायचं, हिरवा रंग बघून थांबायचं. मी सांगायचो, आमच्या सूनबाईंनी वाढवलीत.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांचं काम आलं.

शेजारच्या चष्मेवाल्याची त्यांची ओळख. त्यांनी नवा दवाखाना बांधला होता आणि पेशंट बसतात त्या जागी भिंतीएवढी सहा फुटी टाकी हवी होती. खरी झाडं, लहान मासे, बघून माणसाला बरं वाटलं पाहिजे. चष्मेवाल्याने माझं नाव सुचवलं. असं काम मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. मी लोकांच्या घरी गोल भांडी आणि दोन फुटी टाक्या बसवणारा माणूस.

सुनेने अडीच महिने तयारी केली. होतं नव्हतं ते सगळं रोप त्या टाकीसाठी वाढवलं, एका बुंध्याचे चार तुकडे करून चारही जगवले. लावायच्या आठवडाभर आधी ती दुकानात आली. मी जाळीने मासे पकडून पिशव्यांत भरत होतो.

“बाबा, एक गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. ही हवेतली पानं आहेत. पाण्यात गेली की दहा-बारा दिवसांत गळतील, बहुतेक सगळी. पाणी थोडं गढूळ दिसेल. पण मुळं जिवंत राहतात. महिन्याभरात पाण्यातली पानं येतील, ती मग टिकतात. त्यांना आधी माहीत असलं की काही वाटणार नाही.”

“सांगतो,” मी म्हणालो.

मला ऐकू आलं नाही, विसरलो, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. पण तसं नव्हतं. ऐकलं होतं, समजलंही होतं. फक्त मनात आलं, एवढ्या मोठ्या माणसाला आधीच कसं सांगायचं की आमचा माल गळणार आहे? त्याला वाटेल, दुकानदार आत्तापासूनच पळवाट काढतोय.

लावायच्या दिवशी दुपारभर आम्ही दोघं दवाखान्यात होतो. ती बाह्या वर करून लांब चिमट्याने एकेक रोप वाळूत रोवत होती, मी तिला हातात देत होतो. एकशे चाळीसच्या वर रोपं. मधेच तिने विचारलं, “सांगितलंत ना डॉक्टरांना?”

“सांगतो आज.”

तिने वर बघितलं. “सांगाच बाबा. नाहीतर घाबरतील ते.”

काम संपल्यावर ती बादली धुवायला आत गेली आणि डॉक्टर आले. टाकीतले दिवे लावले होते. ते नुसते बघत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “काका, हे असंच राहणार ना?”

आतून नळाचा आवाज येत होता. माझ्याकडे सांगायला वेळ होता, शब्द होते, आणि माणूसही ऐकून घेणारा होता.

“असंच काय, अजून भरेल,” मी म्हणालो.

बाराव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, जरा येऊन जा. आवाजावरून मला कळलं. सून म्हणाली, मीही येते, गळलेली पानं काढून टाकली की पाणी स्वच्छ राहील. तिला काळजी नव्हती. तिच्या दृष्टीने सगळं सांगितल्याप्रमाणे चाललं होतं.

दवाखान्यात आठ-दहा पेशंट बसले होते, एका-दोघांच्या डोळ्यांवर पट्ट्या. मी टाकीकडे बघितलं. पानं भिजलेल्या कागदासारखी आरपार दिसायला लागली होती, काही गळून फिल्टरला चिकटली होती, पाण्याला फिक्या चहाचा रंग आला होता. डॉक्टरांच्या पत्नी तिथेच उभ्या होत्या, दवाखान्याची सगळी सजावट त्यांनीच बघितली होती. त्या म्हणाल्या, “पेशंटसमोर हे बरं दिसत नाही हो.” डॉक्टर हळू आवाजातच बोलले, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं.

“काका, तुम्ही तर म्हणाला होतात अजून भरेल म्हणून.”

तेव्हा मी जे बोललो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं.

“रोपं घरी वाढवलेली आहेत डॉक्टर. सूनबाई करते. तिचा हात अजून नवा आहे. चूक माझीच, मी तिच्यावर सोपवायला नको होतं.”

‘चूक माझीच’ हेसुद्धा मी म्हणालो. मोठेपणा घेतल्यासारखं. डॉक्टरांच्या पत्नींनी मान हलवली, म्हणजे म्हातारा किती भला आहे बघा.

सून माझ्या डाव्या हाताला उभी होती. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखादा माणूस बोलता बोलता मधेच अडखळला तर आपण त्याच्याकडे बघतो ना, पुढचा शब्द येईल म्हणून, तशी. मी दुसरीकडे बघितलं.

“आजच्या आज प्लॅस्टिकची बसवून देतो,” मी डॉक्टरांना म्हणालो.

“बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “मुळांनी धरलंय. खाली बघा, कोंब आलेत. अजून पंधरा दिवस...”

“तू आता गप्प बस.”

तिच्याशी मी त्या सुरात त्याआधी कधी बोललो नव्हतो. तिने हातातला चिमटा टाकीच्या कडेवर ठेवला. मग बादली उचलली आणि मी रोपं उपटत होतो तितका वेळ ती बादली धरून उभी राहिली. रोपं सहज निघत नव्हती. मुळांनी खरंच धरलं होतं, प्रत्येक रोपाबरोबर वाळूचं ढेकूळ वर येत होतं. शेवटी पाणी इतकं गढूळलं की मासे दिसेनासे झाले.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, बादली पायांत धरून. आमच्या थांब्यावर उतरल्यावर मी तिच्या हातातून बादली घेतली. ती म्हणाली, “राहू द्या, घरी नेते. वाचतील सगळी.” मला ते माहीत होतं. म्हणूनच मी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत बादली उलटी केली. ती रोपं घरी जाऊन गॅलरीत तरारली असती तर मला रोज सकाळी चहा पिताना त्यांच्याकडे बघावं लागलं असतं. ती थोडा वेळ तिथे थांबली. मग म्हणाली, “चला.”

घरी तिने काही बोलून दाखवलं नाही. मुलालाही सांगितलं नसावं, कारण त्याने मला काही विचारलं नाही. चहा वेळेवर, डबा वेळेवर, ‘बाबा, गोळी घेतलीत का’ तेही वेळेवर. मला वाटलं, विसरेल. चार टाक्यांत बियाण्यापुरती रोपं ठेवलेली होती. त्यांच्या काचांना आतून धरलेले थेंब रोज थोडे कमी होत गेले. फवाऱ्याची बाटली मांडणीवरच होती. मी रोज बघत होतो. दोन वेळा बाटली दाबली असती तरी पुरलं असतं, आणि मला ते येत होतं, मी शंभरदा बघितलं होतं. पण मी फवारा मारला तर ती बघेल, आणि मग काहीतरी बोलावं लागेल. एक दिवस काचा काढून भिंतीला टेकवलेल्या दिसल्या. दोन दिवसांत आतली पानं वाजायला लागली, इतकी वाळली.

अडीच आठवड्यांनी मी त्या दवाखान्यात टाकी साफ करायला गेलो. प्लॅस्टिकच्या झाडांत, मागच्या दगडाच्या आडोशाला, दोन खरी पानं आली होती. उपटताना एक मूळ राहून गेलं असणार. पातळ, लांब, तांबूस हिरवी. पाण्यातली पानं. तिने म्हटल्याप्रमाणे, म्हटलेल्या दिवसांत.

डॉक्टर आत पेशंट तपासत होते. त्यांना बोलावून दाखवता आलं असतं. मी बाहीला पाणी लागू न देता हात घातला, ते रोप उपटलं, ओल्या कागदात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. डॉक्टरांना दिसलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, ही कशी जगली? आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. वाटेत मी ठरवलं, घरी जाऊन सुनेला देऊ. देताना सगळं बोलून टाकू. वाक्यंसुद्धा जुळवली.

घरी आलो तर ती गॅलरीत जमिनीवर बसून नखाने टाक्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडत होती.

“बाबा, या धुऊन ठेवल्यात. दुकानात नेता येतील,” ती म्हणाली. “आणि सोमवारपासून मी कामावर जातेय. स्टेशनामागे नवीन लॅब निघालीय ना, तिथे.”

“बरं झालं,” मी म्हणालो. खिसा ओला झाला होता. मी आत जाऊन शर्ट बदलला.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला टाकताना तिने माझे खिसे तपासले, नेहमी तपासायची तसे. संध्याकाळी टेबलावर माझं पेन होतं, कंगवा होता आणि शेजारी तो कागदाचा वाळलेला बोळा. तिने तो उघडून बघितला होता की नाही, मला आजही माहीत नाही. मी तो उचलून बाहेर टाकला.

सहा महिन्यांनी मुलाच्या कंपनीने त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाचा भाग दिला. रोजचा प्रवास झेपेना, त्यांनी तिकडेच घर घेतलं. कारण खरं होतं, त्यात काही खोट नव्हती. जाताना मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हीही चला.” मी म्हणालो, “दुकान कोण बघेल?” सून सामान बांधत होती. तिने काही आग्रह केला नाही. आधी तिने केला असता.

मधे एकदा मी त्यांच्या घरी गेलो असताना विषय काढला. म्हणजे काढल्यासारखं केलं. “त्या डॉक्टरांचं तसं जरा... लोकांना धीर नसतो,” मी म्हणालो. ती म्हणाली, “हो ना,” आणि कप उचलून आत गेली. परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं. माफी मागायला गेलो होतो आणि डॉक्टरांच्याच नावाने खडे फोडून आलो.

मागच्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. चष्मेवाला म्हणाला, दुसरीकडे कुठे जायचं, आपलेच डॉक्टर आहेत. ऑपरेशनच्या दिवशी मुलाला सुट्टी मिळाली नाही, सून आली. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला पुन्हा आम्ही दोघं. त्याच खोलीत बसलो. टाकी तिथेच होती. प्लॅस्टिकची झाडं उडालेल्या रंगाने पांढुरकी पडली होती. ती फोनवर काहीतरी वाचत होती, टाकीकडे तिची पाठ होती. मुद्दाम की सहज, कोण जाणे.

आम्ही दोघं आत गेल्यावर डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळ्यात उजेड टाकून बघितलं. सगळं छान आहे म्हणाले. मी खुर्चीतून उठलो नाही.

“डॉक्टर, एक सांगायचंय. तुमच्या टाकीतली रोपं तेव्हा गळाली, ती हिची चूक नव्हती. पानं गळणार, मुळं जगणार, हे हिने मला आधी सांगितलं होतं. तुम्हाला सांगायलाही सांगितलं होतं, दोनदा. मी सांगितलं नाही. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा हिच्यावर ढकललं.”

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. “कुठली रोपं काका?”

“टाकीतली. आधी खरी होती.”

“हां हां, होती का,” ते म्हणाले. “जाऊ द्या हो, इतकं काय मनाला लावून घ्यायचं. ही प्लॅस्टिकची बरी पडतात. आता ऐका, आठ दिवस खाली वाकायचं नाही आणि थेंब दिवसातून चार वेळा.” सून थेंबांच्या वेळा लिहून घेत होती. तिचं पेन थांबलं नव्हतं.

बाहेर बसच्या थांब्यावर आम्ही बाकावर बसलो. मला काळा चष्मा दिला होता. तिने थेंबांच्या वेळांचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, “त्या दिवशी मी तुमच्याकडे बघत होते ना, मला वाटलं तुम्ही सांगाल. आता सांगतील, आता सांगतील, असं वाटत होतं. घरी आल्यावर वाटलं, मीच नीट सांगितलं नसेल. तुम्ही कामात होतात, ऐकलं नसेल. कितीतरी दिवस मी तेच आठवत बसायचे, नक्की कुठल्या शब्दांत सांगितलं होतं.”

हे मला माहीत नव्हतं. ती माझ्यावर रागावली असेल इथपर्यंत मी गेलो होतो. ती स्वतःलाच तपासत बसली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“नीट सांगितलं होतंस,” मी म्हणालो. “मला सगळं कळलं होतं. माझं चुकलं. फार चुकलं.”

“हं,” ती म्हणाली.

थोड्या वेळाने मी विचारलं, “पुन्हा करशील का? टाक्या आहेत अजून माळ्यावर. मांडणी मी तिकडे येऊन लावून देईन.”

“नाही बाबा.” ती सरळ म्हणाली, तोडून टाकल्यासारखं नाही. “आता वेळही नसतो. आणि खरं सांगू का, आता त्यात मन लागणार नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

“नाही, नाही,” मी म्हणालो. एवढ्यात बस आली. तिने माझा दंड धरला आणि पायरी दाखवली.

ती दोन आठवडे माझ्याकडे राहिली. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री जेवणानंतर, घड्याळ लावून थेंब घालायची, बाटलीवर तारीख लिहिलेली. थेंब घालताना एका हाताने माझी पापणी उचलून धरायची. तिचा हात अजिबात हलायचा नाही. आम्ही बोलायचोही, मुलाच्या कामाचं, तिच्या लॅबमधल्या एका वेंधळ्या साहेबांचं. ती मजेदार सांगायची आणि मी हसायचो. एकदा तोंडून जुनी हाक निघणार होती, पण मी आवरलं.

पंधराव्या दिवशी मुलगा येऊन तिला घेऊन गेला. आता आठवड्याला फोन येतो. डोळा कसा आहे, ती विचारते. मी म्हणतो, स्वच्छ दिसतं. मग ती म्हणते, बरं बाबा, ठेवते.